आबांचा ऊस आणि चेन्नईची गाडी

मे २०२५ मधली गोष्ट. गाळप हंगाम आटोपून शिरोळ तालुक्यातले आबा मुलाकडे चेन्नईला आले होते. मुलगा ओरगडमजवळच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर, बिऱ्हाड पोरूरला. पहिल्याच रविवारी सगळे फिरायला निघाले आणि गाडी पेट्रोल भरायला थांबली. इथे पेट्रोल पंपाला ‘बंक’ म्हणतात, याची आबांना भारी गंमत वाटली. मग त्यांची नजर ‘ई २०’ या अक्षरांवर गेली.

“ह्ये काय रं?”

“शंभर भागांत वीस भाग इथेनॉल, आबा. उसाच्या रसाचं, मळीचं, नाहीतर मका-तांदळाचं.”

आबा सीटवर ताठ बसले. “म्हंजी आपला ऊसच पळतोय की गाडीत!”

त्यांचा अभिमान खोटा नव्हता. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीकडे. मिरज तर आबांच्या शिवेलगत. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा बिलाच्या काळजीने त्यांना झोप लागली नव्हती. पुढच्या वर्षी ते निर्बंध उठले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मुलाला मात्र एक गोष्ट सांगवेना. त्याची गाडी २०१६ सालची. ओळखीच्या मेकॅनिकने बजावलं होतं, “रबरी नळ्यांवर लक्ष ठेवा.” मायलेजही थोडं उतरलं होतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या गाड्यांचं मायलेज वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असं म्हटलं होतं. म्हणून तो दोन वर्षं नव्या गाडीसाठी पैसे साठवत होता. गाडी घ्यायची तर टर्बो, आणि पुढेमागे फ्लेक्स-फ्युएल, असं त्याच्या मनात होतं.

संध्याकाळी गच्चीवर त्याने आबांना ते समजावून सांगितलं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर फिरणारं चाक. ते हवा दाबून इंजिनात भरतं, म्हणून लहान इंजिनही मोठ्याचं काम करतं. पण हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकतं. इंजिन ठोके देऊ लागतं.

“इंजेक्शनच्या आधी नर्स स्पिरिटचा बोळा फिरवते, तेव्हा हाताला गार लागतं ना? इथेनॉल तसंच. वाफ होताना उष्णता ओढून घेतं. शिवाय ते सहजासहजी अवेळी भडकत नाही. त्यामुळे टर्बोला आणखी दाब देता येतो.”

स्वीडनच्या साब कंपनीने २००५ मध्ये विकायला काढलेली टर्बो गाडी पेट्रोलवर १५० अश्वशक्ती देई, आणि ८५ टक्के इथेनॉलवर १८०! फ्लेक्स-फ्युएल गाडीत इंजिनचा संगणक सेन्सरच्या मदतीने मिश्रण ओळखतो आणि इंधन कमी-जास्त सोडतो. ब्राझीलमध्ये अशा गाड्या २००३ पासून धावताहेत. तिथे थंडीत इथेनॉलवर इंजिन लवकर सुरू होत नसे, म्हणून पेट्रोलची वेगळी छोटी टाकी ठेवत. चेन्नईत तो प्रश्नच नाही, इथे स्वेटर ट्रंकेतच राहतो! महिंद्रांनी २०२४ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात टर्बो इंजिनाची फ्लेक्स-फ्युएल एक्सयूव्ही ३०० मांडली होती, आणि त्यांचं मोठं संशोधन केंद्र चेन्नईजवळच, चेंगलपट्टूकडे आहे.

“मंग अडचण काय?”

“लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने शक्ती कमी. जोर वाढतो, पण टाकी लवकर रिकामी होते.”

इतका वेळ सूनबाई कपडे काढत ऐकत होती. ती हळूच म्हणाली, “आबा, आणि पाणी?”

२०१९ चा जून तिच्या अंगवळणी पडला होता. चेंबरंबाक्कमसकट शहराचे चारही मोठे तलाव आटले होते. पहाटे चारला टँकरसाठी घागरी मांडायच्या, बाळाचे लंगोट एक दिवसाआड धुवायचे. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आलं. २०१६ मध्ये लातूरला आलं होतं तसंच, आणि ती गाडी सुटली होती मिरजेहूनच. नीती आयोगाच्या त्याच अहवालात लिहिलं आहे, उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं.

“आमच्याकडं पाण्याला तोटा न्हाई,” आबा म्हणाले. खरंच होतं. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ महापुरात बुडालं होतं. पण आबा पुढे काही बोलले नाहीत. पाणी पाजून पाजून शिरोळातली कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. त्यांच्या खालच्या शेतातही बांधाकडेला पांढरं फुटू लागलं होतं. मुलाने ठिबकचा विषय काढला की ते दरवेळी उडवून लावत.

आबा जूनमध्ये गावी परतले. आठ दिवसांनी फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर आबा म्हणाले, “तुझी नवी गाडी जरा थांबली तर चालंल का? खालच्या दोन एकरांत ठिबक टाकावं म्हंतोय. थोडं पैसं कमी पडत्यात.”

मुलाने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

“चालेल आबा. जुन्या गाडीच्या नळ्या तेवढ्या बदलून घेतो.”