तीन काठ्यांचा पाळणा

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी सहसा तीन ठिकाणे पाहून परततो: बृहदीश्वराचे मंदिर, भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. त्यात नवल नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे गादी स्थापली आणि १८५५ पर्यंत ती भोसल्यांच्या घराण्यात राहिली. राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केलेल्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. ती अक्षरे वाचताना आपण परमुलखात आहोत याचा क्षणभर विसर पडतो.

पण वेळ असेल, तर एक सकाळ शहराबाहेर काढा. उत्तरेला तेरा किलोमीटरवर तिरुवैयारु आहे. संत त्यागराजांची समाधी तिथेच. गावाच्या नावाचा अर्थच 'पवित्र पाच नद्या'. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच पात्रांवरून हा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर भातशेती. तामिळनाडूचे धान्याचे कोठार म्हणतात ते हेच.

या शिवारात लावणीच्या दिवसांत एक दृश्य दिसते. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बायका, आणि जवळच्याच बांधावर उभ्या केलेल्या तीन काठ्या. काठ्यांची वरची टोके एकत्र बांधलेली, खालची फाकलेली. मधोमध जुन्या सुती साडीची झोळी, आणि झोळीत झोपलेले तान्हे मूल. या झोळीला तमिळमध्ये 'तूळी' म्हणतात. लाकडी पाळणा तो 'तोट्टिल'. आपल्या ऊसतोडीच्या फडावर पाहिलेली झोळी आठवावी, तसाच हा प्रकार.

झाड दूर, काम इथे

कावेरीच्या या खोऱ्यात झाडे नाहीत असे नव्हे. गावाभोवती नारळ आहेत, चिंचा आहेत, मोठ्या बांधांवर ताडाची रांग दिसते. पण भातशेताच्या मध्यावर झाड कोण राखणार? सावलीत पीक येत नाही. शिवाय लावणीची टोळी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सरकत राहते. सकाळी झाडाजवळ असलेली आई दुपारपर्यंत अर्धा किलोमीटर दूर गेलेली असते. तिथून बाळाचे रडणे ऐकू कसे येणार?

झाडांचा भरवसा किती धरावा, हे या जिल्ह्याने २०१८ साली पाहिले. त्या वर्षी १६ नोव्हेंबरच्या पहाटे 'गजा' चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या तंजावर जिल्ह्यातल्याच भागांतील नारळाच्या बागा आडव्या झाल्या. अनेक वर्षे वाढवलेली झाडे एका रात्रीत गेली.

म्हणून इथली मजूर बाई झाडावर विसंबत नाही. बांबूच्या किंवा सुरूच्या तीन काठ्या, एक दोरी आणि एक साडी एवढाच तिचा संसार. टोळी पुढे सरकली की काठ्या मिटायच्या, खांद्यावर टाकायच्या आणि पुढच्या बांधावर पुन्हा उभ्या करायच्या. सुरूला इथे 'सवुक्कू' म्हणतात. सरळ, वजनाला बेताचा असा हा वासा किनारपट्टीलगत मुद्दाम लागवड करून मिळवतात.

काठ्या पडत का नाहीत?

सहलीला जाऊन हॅमॉकमध्ये झोपण्याची हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. हॅमॉक हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांचा. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोहोचल्यानंतर तो स्पॅनिशमार्गे युरोपात गेला. दोन झाडांना दोन टोके बांधायची आणि मध्ये पडायचे. पण झाडे नसतील तर? त्यासाठी ॲल्युमिनियमच्या घडीच्या, हलक्या नळ्यांचे खांब मिळतात. ते घेऊन माळावर गेलेल्या पुष्कळांचा पहिला प्रयत्न मात्र धुळीत संपतो. कारण समजून घेण्यासारखे आहे.

हॅमॉकची दोन टोके दोन ठिकाणी बांधलेली असतात. त्यामुळे माणसाचे वजन खांबांना नुसते खाली दाबत नाही, त्यांना आत ओढतेही. साठ किलोचा माणूस झोपला आणि दोर जमिनीशी तीस अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येक दोरावर साठ किलोचाच ताण येतो. त्यातली सुमारे बावन्न किलोची ओढ आडवी, खांब आत पाडणारी. दोर अधिक ताठ बांधून कोन पंधरा अंशांवर आणला, तर प्रत्येक दोरावर जवळजवळ एकशे सोळा किलो! हॅमॉक ताठ बांधले की ते मजबूत होते, ही समजूत म्हणूनच उलटी आहे.

तूळीची गोष्ट वेगळी. तिची दोन्ही टोके एकाच बिंदूला, काठ्यांच्या गाठीपाशी बांधलेली असतात. एका बाजूची ओढ दुसऱ्या बाजूच्या ओढीला तिथल्या तिथे छेद देते आणि बाळाचे वजन सरळ खाली उतरते. आठ किलोच्या बाळाचा भार तिन्ही पायांत वाटला, की एकेकाच्या वाट्याला तीन किलोच्या आसपास येतो. शिवाय तीन पायांची वस्तू उंचसखल जागीही डुगडुगत नाही. बांध ओला असला, तर पाय थोडे रुततात आणि घट्ट बसतात. जमीन कठीण असेल, तर पाय बाहेर सरकू नयेत म्हणून खालून दोरी गुंडाळावी लागते.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

मोठ्या माणसाला आडवे व्हायचे असेल, तर दोन आधारांना पर्याय नाही. प्रत्येक खांबाच्या माथ्यापासून मागे एक दोर न्यावा आणि जमिनीत तिरक्या ठोकलेल्या खुंटीला बांधावा. आडवी ओढ हा दोर पेलतो. तो पंचेचाळीस अंशांत असेल, तर वरच्याच हिशेबाने खुंटीवर सुमारे त्र्याहत्तर किलोचा ताण येतो. म्हणजे खरी परीक्षा खांबाची नव्हे, खुंटीची. चिखलात किंवा भुसभुशीत वाळूत ती उपटून येणार. तेव्हा जागा कठीण निवडा, झोळी बसल्यावर जमिनीपासून दीड फुटाहून उंच राहू देऊ नका आणि आधी दगडांची पिशवी ठेवून पाहा.

नुसते टेकून वाचायचे असेल, तर तीन मजबूत वाशांची तिपाई पुरे. दोन्ही टोके एका गाठीला बांधली, की खुंट्यांची कटकट नाही.

घरी बाळासाठी झोळी बांधणाऱ्या आयांना मात्र एक सांगणे. कापड रुंद असावे, बाळाचे तोंड उघडे दिसावे आणि झोळीजवळ मोठे माणूस हवेच. चालत्या मुलांना झोळीत पीळ घालून खेळू देऊ नये. गळ्याला फास बसण्याचा धोका असतो.

बांधावरचे बाळ

तमिळमध्ये अंगाईला 'तालाट्टु' म्हणतात. ताल म्हणजे जीभ, आट्टु म्हणजे हलवणे. बांधावर अंगाई म्हणायला सवड नसते. झोळीला एक झोका द्यायचा आणि पुन्हा वाकायचे. कधी बाळाच्या पाच-सहा वर्षांच्या बहिणीकडे दोरी दिलेली असते. तिची शाळा त्या दिवशी बुडते.

अंगणवाडीत दिवसभर बसतात ती साधारण तीन वर्षांपुढची मुले. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईजवळच राहावे लागते. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद होती. खासगी शेतावरच्या रोजंदारीला असा कुठला आधार नसतो. तिथे तीन काठ्या हेच पाळणाघर. आता लावणीची यंत्रे वाढत आहेत, तशा बांधावरच्या झोळ्या कमी होतील. पण यंत्राने रोजगार गेलेल्या आईचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

कसे, केव्हा जाल? तंजावरला सर्वांत जवळचा विमानतळ तिरुच्चिरापल्लीचा, सुमारे ५५ किलोमीटरवर. चेन्नईहून थेट रेल्वेगाड्या आहेत. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. त्यागराज आराधनेचा उत्सवही बहुधा जानेवारीतच येतो. लावणी पाहायची असेल, तर सप्टेंबरच्या आसपास जा. बांधावर झोळी दिसली, तर फोटो काढण्याआधी तिच्या आईला खुणेने का होईना, विचारा. आणि आवाज बेताचा ठेवा. बाळ मोठ्या मुश्किलीने झोपलेले असते.