पिशवीतली बाळंतपणं

किंग्सकोट, कांगारू आयलंड,
२७ जानेवारी

ती. आईस,


फोनवर तू विचारलंस, कांगारू दिसला का. दिसले, पुष्कळ दिसले. पण हे पत्र त्यांच्या एका बुटक्या भाऊबंदाबद्दल आहे. त्याचं नाव टामार वॉलबी. उभा जन्म बाळंतिणींच्या सोबतीत काढलेल्या तुला हे कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काल रात्री इथल्या एका माणसाबरोबर झुडपांच्या कडेने फिरलो. दिवसा हे प्राणी दडून असतात, अंधार पडला की चरायला उघड्यावर येतात. तो म्हणाला, बेटावरच्या बहुतेक माद्या या सुमाराला बाळंत होतात. सगळ्या एकदम कशा? कारण २२ डिसेंबर. तो इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस. तो उलटून दिवस लहान होऊ लागले की मादीच्या पोटात थांबलेला गर्भ जागा होतो.

हो, थांबलेला. मादी गेल्या जानेवारीत व्याली, त्यानंतर काही तासांतच तिचा पुन्हा संग झाला आणि गर्भ राहिला. पण तो जेमतेम शंभरेक पेशींचा झाला आणि तिथेच थबकला. पिशवीतलं पिल्लू दूध ओढतंय तोवर त्याला वाढायची मुभा नाही. जूनच्या आधी पिल्लू दगावलं, तर हा राखीव गर्भ वाढू लागतो. जूननंतर मात्र सूत्रं ऋतूच्या हाती जातात, आणि गर्भ डिसेंबरची वाट पाहत राहतो. जवळजवळ अकरा महिने! जागा झाल्यावर मात्र चार आठवड्यांच्या आत जन्म. जानेवारीत जन्मलेलं पिल्लू सप्टेंबर-ऑक्टोबरात पिशवीबाहेर पडतं, तेव्हा वसंतातलं कोवळं गवत तयार असतं. उन्हाळा इथे कोरडा आणि कठीण. त्या काळात पिल्लू इवलंसं असतं आणि त्याला दूधही थोडंच लागतं.

जन्माच्या वेळी त्याचं वजन अर्धा ग्रॅमसुद्धा नसतं. डोळे मिटलेले, कान नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढचे हात पक्के, नखांसकट. मादी आधी पिशवी चाटून स्वच्छ करते, पाय पुढे करून बसते, आणि ते पिल्लू तिच्या केसांना धरत एकटंच वर चढतं. ती त्याला उचलत नाही. आत पोचून त्याने स्तनाग्र तोंडात घेतलं की ते तोंडातच फुगतं, आणि पिल्लू कित्येक आठवडे तिथून सुटत नाही. तुला शरीररचनेतही रस वाटेल. गर्भाशयं दोन असतात, वीर्यासाठी दोन बाजूंच्या दोन वाटा आणि बाळ येतं ते मधल्या तिसऱ्या वाटेने.

जुन्या पुस्तकांत या शिशुधानी प्राण्यांना ‘मागासलेले’ म्हटलंय, गर्भ नीट वाढवता न येणारे. मला ते मुळीच पटत नाही. आपल्याकडे जे काम वार (प्लॅसेंटा) करते, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडे दूध करतं. सुरुवातीचं दूध पातळ आणि साखरेचं, शेवटचं दाट आणि स्निग्ध. आणि दुधाचा बदल ठरतो तो आईच्या घड्याळावर. संशोधकांनी लहान पिल्लू मोठ्या पिल्लाच्या आईकडे ठेवून पाहिलं. तिने त्याच्यासाठी दूध मागे नेलं नाही, ते पुढच्या टप्प्याचं दूध प्यायलं आणि झपाट्याने वाढलं. कांगारूची मादी तर एकाच वेळी दोन प्रकारचं दूध देते. पिशवीतल्या तान्ह्याला एका स्तनातून पातळ, बाहेर उड्या मारणाऱ्या थोरल्याला दुसऱ्यातून दाट. कोणी कोणाचं पीत नाही.

पिल्लू पिशवीत येतं कसं, याची एक जुनी गोष्ट सांगतो. १६२९ साली ‘बटाव्हिया’ हे डच जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर फुटलं. त्याचा प्रमुख पेल्सार्ट. हाच माणूस त्याआधी काही वर्षं जहांगीरच्या आग्ऱ्यात व्यापार पाहत होता. त्या बेटांवर त्याने याच टामारच्या पिशवीत स्तनाला चिकटलेली पिल्लं पाहिली आणि लिहून ठेवलं की ती तिथेच, स्तनातूनच उगवत असावीत. डोळ्यांसमोर जे होतं त्यावरून याहून वेगळं कोण काय म्हणणार?


क्रेडल माउंटन, टास्मानिया,
३ फेब्रुवारी

ती. आईस,

इथे थंडी आहे, स्वेटर उपयोगी पडला. संध्याकाळी लाकडी पायवाटेच्या अगदी कडेला वोम्बॅट चरत होता, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता. हा बिळं खोदणारा, म्हणून मादीच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला. उकरलेली माती पिल्लावर पडत नाही. त्याच्या लेंड्या चौकोनी असतात, हे खरं आहे, मी पाहिल्या. बाकी पुढच्या पत्रात.


होबार्ट,
९ फेब्रुवारी

ती. आईस,

टास्मानियन डेव्हिल या पिशवीवाल्या प्राण्याबद्दल लिहायला मन घेत नव्हतं. एकवीस दिवसांचं गरोदरपण, एका वेताला वीस-तीस पिल्लं, आणि स्तन फक्त चार. पहिली चार चिकटली की बाकीच्यांना जागाच नाही. तू हे वाचताना थांबशील, मीही थांबलो.

त्यात १९९६पासून त्यांच्यात एक कॅन्सर पसरलाय. तोंडावर गाठी येतात, आणि तो संसर्गाने होतो. हे प्राणी भांडताना एकमेकांच्या तोंडाला चावतात, तेव्हा जिवंत कॅन्सरपेशीच एकाकडून दुसऱ्याकडे जातात. काही भागांत दहातले आठ डेव्हिल संपले. पुढे काय झालं पाहा. पूर्वी दोन वर्षांच्या झाल्यावर विणाऱ्या माद्या आजारग्रस्त भागांत वर्षाच्या वयातच विऊ लागल्या, कारण तिसरं वर्ष बघायला मिळेल याची खात्री उरली नाही. त्यांना वाचवण्यासाठी २०१२ साली निरोगी डेव्हिल मारिया बेटावर नेले. ते तिथे छान वाढले, पण बेटावरच्या छोट्या पेंग्विनांची वसाहत त्यांनी संपवली. एक जीव राखायला दुसरा गमावला. हा हिशेब मला अजून लावता येत नाही. याच शहरात १९३६ साली शेवटचा टास्मानियन वाघ पिंजऱ्यात मेला. तोही पिशवीवालाच. त्यामुळे इथल्या लोकांची घाई मला समजते.

इथल्या रस्त्यांवर रात्री गाड्यांखाली फार जनावरं मरतात. मेलेली मादी दिसली की पुष्कळ लोक गाडी बाजूला लावून तिची पिशवी तपासतात. आई गेली तरी पिल्लू आत जिवंत असू शकतं. ते ओढून काढायचं नसतं, तोंड फाटतं. स्तनाग्रासकट न्यावं लागतं.

अशी पिल्लं सांभाळणाऱ्या एका बाईंच्या घरी काल गेलो. स्वयंपाकघरात खुर्च्यांच्या पाठींना कापडी पिशव्या टांगलेल्या, प्रत्येकीत एक वॉलबी. गाईचं दूध चालत नाही, त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात. वयाच्या टप्प्यानुसार वेगवेगळी भुकटी मिळते. अंगावर केस नसलेल्यांना रात्रभर दर काही तासांनी उठून पाजावं लागतं. त्या म्हणाल्या, ऊब आणि अंधार मिळाला नाही तर दूध देऊनही उपयोग नाही.

मी त्यांना सांगितलं, माझी आई दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळांना आयांच्या छातीशी बांधून ठेवायची, आणि त्या पद्धतीला आम्ही कांगारू मदर केअर म्हणतो. १९७८च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटात बाळांच्या ऊबपेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या पडल्या म्हणून ती सुरू झाली, एवढं मला ठाऊक होतं. बाईंनी मात्र लगेच कामाचं विचारलं. बाळ घसरू नये म्हणून कापड नेमकं कसं बांधता, मान कुठल्या बाजूला ठेवता, आणि आईला झोप लागली तर? मला सांगता आलं नाही. चित्र काढून पाठव, मी त्यांना पोचवतो. शिवाय रात्री कुणाचे वडील किंवा आजी बाळ छातीशी घेऊन बसायचे, तेव्हा बाळाचा श्वास तसाच सुधारायचा का, तेही लिही. या बाईंच्या घरात त्यांचे यजमानही पाळीपाळीने पिशव्या सांभाळतात.

तुझा,
मिलिंद