वाचनालयाचे देणे

पन्नाशी उलटल्यावर मनुष्याने वाचनालयाचे नवे सभासदत्व घेणे यात लाजण्यासारखे काही नाही. तरीही गेल्या महिन्यात तो अर्ज हाती घेताना आमचा हात किंचित थरथरला, हे कबूल केले पाहिजे. कारण असे की, ज्या वाचनालयाच्या टेबलापुढे आम्ही उभे होतो, त्याचेच एक पुस्तक बत्तीस वर्षे आमच्या कपाटात होते. वाचनालय कल्याणातले. नाव मुद्दामच सांगत नाही. दोष सर्वस्वी आमचा, त्यात त्या बिचाऱ्या संस्थेला कशाला ओढावे?

पुस्तक कोणते म्हणाल, तर विनायक लक्ष्मण भावे यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’. आम्ही तेव्हा इंग्रजी वाङ्मय घेऊन एम. ए. करीत होतो आणि त्या वयाला शोभेल इतके मराठीला तुच्छ लेखीत होतो. परंतु मुकुंदराज आधी की ज्ञानदेव आधी, यावर एका मित्राशी वाद पडला आणि त्याला निरुत्तर करण्यासाठी हा ग्रंथ आणला. वाद कोणी जिंकला ते आज आठवत नाही. ग्रंथ मात्र राहिला. पुढे ठाण्यास कॉलेजात नोकरी लागली, डोंबिवलीस बिऱ्हाड झाले. डोंबिवलीहून कल्याण म्हणजे लोकलने दहा मिनिटांची वाट. पण आरंभी आळसाने आणि नंतर शरमेने ती इतकी लांबली की, विलायतेस जाणे आम्हांस सोपे वाटले असते. कपाटात कॉलेजच्या ग्रंथालयाची पुस्तके येत, जात. हे एक तेवढे जागचे हलत नसे.

यातील विपरीत गोष्ट अशी की, १८९३ साली १ जून रोजी ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, ते ज्यांच्या पुढाकाराने, त्यांत हेच भावे होते. वय त्या वेळी अवघे एकवीस. मराठी ग्रंथ एके ठिकाणी जमावेत व ते लोकांच्या हाती पडावेत, यासाठी ज्याने विद्यार्थिदशा सरते न सरते तोच खटपट आरंभिली, त्याच्याच ग्रंथाला आम्ही तितक्याच वयात कुलपात घातले!

‘सार्वजनिक’ हा शब्दही आम्हांस उशिराच कळला. इंग्लंडात १८५० च्या कायद्याने गावोगावच्या नगरपालिकांना वाचनालयासाठी कर बसविण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे मद्रासने १९४८ च्या कायद्याने तशी पट्टी बसविली. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात अशी पट्टी नाही. वाचनालयाचा दर्जा पाहून सरकार अनुदान देते आणि उरलेला गाडा सभासदांच्या वर्गणीवर व कोणा उदार गृहस्थाच्या देणगीवर चालतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. म्हणजे गावात आगगाडी येऊन दहा वर्षे झाली होती आणि मुंबई विश्वविद्यालयाचे पहिले पदवीधर बाहेर पडून दोनच. पदवीधरांची वाट न पाहता गावाने आपल्यापुरती सोय केली, हे आम्हां पदवीधरांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तेव्हा असे पुस्तक दडपून ठेवणे म्हणजे सरकारची नव्हे, शेजाऱ्याची वस्तू लांबविणे होय. त्या शेजाऱ्याने कधीतरी ‘सारस्वत’ मागितले असेल, ‘बाहेर गेले आहे’ असे उत्तर ऐकून तो परत फिरला असेल. आणि त्याच वेळी आम्ही वर्गात विद्यार्थ्यांपुढे वाचनाची महती गात असू.

असो. जाण्यापूर्वी गाडीत बसून आम्ही दंडाचा हिशेब केला. रोजचे दहा पैसे धरले तरी रक्कम अकराशे सत्तरांच्या घरात गेली. तेवढे पैसे पाकिटात वेगळे ठेवले आणि, खोटे कशाला सांगा, मनातून थोडे हलकेही वाटले.

ग्रंथपालबाई वयाने आमच्या विद्यार्थिनीच्या असाव्यात. त्यांनी आमचे जुने कार्ड पाहिले, आतल्या खोलीत जाऊन एक जाड वही आणली व पाने उलटून म्हणाल्या, “सर, हे पुस्तक केव्हाच गहाळ म्हणून खारीज झाले आहे. तुमची अनामत त्यात वळती केली. तुमच्याकडे काही येणे नाही.”

“आणि दंड?”

“खारीज पुस्तकावर दंड कसा लावू?”

बत्तीस वर्षे वाहिलेले ओझे एका वाक्यात उतरले. परंतु वाटली ती निराशाच. निदान हे पुस्तक तरी ठेवून घ्या, अशी आम्ही विनवणी केली, तेव्हा नवीच अडचण निघाली. वहीतून गेलेले पुस्तक पुन्हा दाखल करावयाचे, तर ते देणगी म्हणूनच घेता येणार होते. बाईंनी शांतपणे एक शिक्का उचलला, पहिल्या पानावर उमटविला आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’ या अक्षरांमागील रिकाम्या जागी आमचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले. नको, नको म्हणेपर्यंत शाई वाळलीही. ते पैसे आम्ही देणगीच्या पेटीत टाकले आणि पावती मागितली नाही. एका दिवसात दोनदा दाता होण्याची आमची छाती नव्हती.

मग अर्ज भरला, छायाचित्र चिकटविले, अनामत व वर्गणी भरली. कार्ड मिळाले. पहिले पुस्तक कोणते देऊ, असे बाईंनी विचारताच आमच्या तोंडून नकळत ‘महाराष्ट्र सारस्वत’ निघून गेले. कारण बत्तीस वर्षांत ते वादापुरत्या पानांपलीकडे आम्ही वाचले नव्हते.

“ते अजून दाखल व्हायचे आहे, सर,” बाई म्हणाल्या. “आठ दिवसांनी या.”