पाण्याला विरजण

‘सेंद्रिय’ हा शब्द मी दोन अर्थांनी वापरते. वर्गात तो कार्बनचा असतो: मिथेन, बेंझीन, युरिया. बाजारात तो शेणखताचा, न फवारलेल्या भाजीचा आणि थोड्या जास्त किमतीचा असतो. बंगळूरुच्या एका कॉलेजात २२ वर्षं रसायनशास्त्र शिकवताना या दोन अर्थांची कधी गाठ पडली नव्हती. ती पडली माझ्या वडिलांमुळे.

आप्पा सांगली जिल्ह्यातले. ऊस आणि हळद करण्यात त्यांचा जन्म गेला. आई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते माझ्याकडे आले, तेही ‘चार दिवस’ म्हणून. गावची अडीच एकर जमीन भावानं खंडानं दिली आहे. सातबारा अजून आप्पांच्या नावावर आहे, आणि जमीन विकायचा विषय फोनवर निघाला की ते फोन माझ्या हातात देतात. आमच्या सातव्या मजल्यावर त्यांच्या हातांना काम नव्हतं. गळतीच्या भीतीनं सोसायटीनं गच्चीवर मातीच्या कुंड्यांना बंदी केली आहे. परवानगी आहे ती माझ्या पांढऱ्या पाइपांना. पाइपांना भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत भाजलेल्या मातीचे गोळे आणि मुळांखालून पंपानं फिरणारं पाणी. त्या पाण्यात मोजून घातलेले क्षार: कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, थोडं लोह. यालाच लोक हायड्रोपोनिक्स म्हणतात.

आप्पांनी आठवडाभर पालक पाहिला, तोडला, खाल्लाही. मग म्हणाले, “हे सलाइन झालं गं. सलाइनवर माणूस जगतंय, पण त्याला जेवला म्हणत्यात का?”

या सलाइनला मोठा इतिहास आहे. वनस्पतींचं पोषण खनिजांवर होतं, हे लीबिगनं १८४० मध्ये ठासून मांडलं. पुढच्या काही दशकांत युलियस सॅक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवून दाखवली. आपल्याकडे जेम्स शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगच्या परिसरात स्वस्तातली पद्धत बसवली आणि १९५१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आणि या सगळ्यांच्या आधी, १८२८ मध्ये, व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला. सजीवांतले पदार्थ तयार व्हायला ‘जीवनशक्ती’ लागतेच, या समजुतीला तिथे तडा गेला. गोमूत्रातला युरिया आणि गोणीतला युरिया यांच्या रेणूंत काहीही फरक नाही. हे मी दरवर्षी शिकवते. आप्पांनाही सांगितलं.

“मग गोणीनं रान कडक का झालं?” त्यांनी विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. शेणखतातून नत्राबरोबर कुजणारा पालापाचोळा येतो, त्यावर जगणारे जीव येतात, आणि माती भुसभुशीत राहते ती त्यांच्यामुळे. गोणीतून फक्त नत्र येतं. पण हे सांगताना जाणवलं की मी त्यांचंच म्हणणं त्यांना परत सांगते आहे.

त्यांचा आग्रह जीवामृताचा होता. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सुभाष पाळेकरांमुळे हे मिश्रण महाराष्ट्राबाहेरही पोहोचलं. पाइपांत ते घालायला मी नकार दिला, पण त्यांना २० लिटरची एक बादली वेगळी दिली. त्यात चार रोपं. हिशेबानं गाळलेलं जीवामृत. चौथ्या दिवशी गच्चीवर वास सुटला. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली.

कारण साधं आहे. गूळ आणि बेसन मिळालं की जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. पाण्यात तो मुळातच थोडा असतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मुळांनाही तोच लागतो. मातीत हवेच्या पोकळ्या असतात, बादलीत नसतात.

आप्पांनी मुळं नाकाशी नेली. “नासलं,” म्हणाले. “आंबलं नाही, नासलं.”

मी मीटर घेऊन उभी होते आणि त्यांनी नाकानं निदान केलं होतं. दूध तसंच ठेवलं तर नासतं, विरजण लावलं तर दही होतं. दोन्हीकडे जिवाणूच असतात, फक्त कोण आधी पोहोचलं एवढाच प्रश्न. मातीत जीवामृत हे खतापेक्षा विरजणाचं काम जास्त करतं, असं त्याचे पुरस्कर्तेही सांगतात. आमच्या बादलीत विरजण होतं, पण त्याला बसायला जागा नव्हती, हवा नव्हती आणि वेळही नव्हता.

जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये हेच दाखवलं होतं: झाडाच्या सालीच्या कंपोस्टमधले जिवाणू पाण्यात आधी वसवायचे, त्यांना मासळीचं किंवा मक्याचं द्रवखत थोडं थोडं द्यायचं, आणि नायट्रेट तयार झालं की मग रोपं लावायची. आम्ही मासळीऐवजी भुईमुगाची पेंड घेतली. तिच्यात सुमारे ७ टक्के नत्र असतं. कार्पोरेशनचं पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून दिवसभर उघडं ठेवलं. गांडूळखताची पुरचुंडी बादलीत सोडली, माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावला. रोज सकाळी आप्पा चिमूटभर पेंड घालत आणि वास घेत. मी कागदी पट्ट्या बुडवत असे. आधी अमोनिया चढला, मग नायट्राइट, आणि तिसऱ्या आठवड्यात नायट्रेट. त्याच सुमारास एका सकाळी आप्पा म्हणाले, “आता पावसाच्या आधीचा वास येतोय.” पट्टी आणि नाक यांचं त्या दिवशी एकमत झालं.

या काळात माझ्या मीटरची मर्यादाही कळली. ईसी मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, म्हणजे विरघळलेले क्षार. पेंडीतलं प्रथिन त्याला जवळपास दिसतच नाही. अन्न पाण्यात असतं आणि काटा पाणी रिकामं असल्याचं सांगतो.

बाजारात याच गरजेसाठी बाटल्या मिळतात. ह्युमिक आम्ल लोहासारखी द्रव्यं विरघळलेली ठेवायला मदत करतं. समुद्रशेवाळाच्या अर्कात वाढीची संप्रेरकं असतात. कप्पाफायकस शेवाळाचा रस काढण्याची पद्धत भावनगरच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं विकसित केली, आणि ते शेवाळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तराफ्यांवर वाढवतात. दोन्ही उपयोगाची आहेत, पण पोषण म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यांत नत्र जेमतेम असतं. ती जेवणातलं लोणचं आहेत.

अशा भाजीला सेंद्रिय म्हणायचं का? अमेरिकेत २०१७ मध्ये राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळासमोर हायड्रोपोनिक्सवर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला आणि ८ विरुद्ध ७ मतांनी पडला. युरोपीय संघाचा नियम उलटा: मुळं जिवंत मातीत हवीत. माझ्यातल्या शिक्षिकेला ते ८ जण पटतात, कारण मूळ शेवटी नायट्रेटच शोषतं. पण ७ जणांचं म्हणणं मला आप्पांकडे पाहून कळलं. सेंद्रिय शेतकरी पिकाआधी जमीन जपतो. बादली धुऊन ठेवता येते. जमीन पुढच्याच्या हाती द्यावी लागते, आणि ती कोणाच्या हाती द्यायची हाच तर आमच्या घरातला न सुटलेला प्रश्न आहे.

४० दिवसांनी दोन्हीकडचा पालक आप्पांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. क्षारांवरची जुडी भरली ३१० ग्रॅम. त्यांची १९०. पानंही फिकट होती. माझ्या पाण्याचा सामू ६ च्या आसपास असतो, मुळांना तोच मानवतो, पण नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ७ च्या वर आवडतं. दोघांना सांभाळणारा मध्य गाठताना दोघांचंही थोडं अडतं. हे मी समजावायला लागले.

आप्पांनी ऐकून घेतलं. काटा पुसून जागेवर ठेवला.

“नव्यानं मोडलेलं रान पहिल्या साली उतारा देत न्हाई,” ते म्हणाले. “दुसऱ्या साली बघू.”

ते ‘चार दिवसां’साठी आले होते, हे मी त्यांना आठवून दिलं नाही.