महिना कोणाचा चुकला?

एक अपराध कबूल करावयाचा आहे. गेल्या पावसाळ्यांत वर्गांतील एका मुलीनें जावास्क्रिप्टमध्यें वाढदिवसांची यादी केली. जुलैंतील प्रत्येक वाढदिवस ऑगस्टांत दिसूं लागला. मीं तिला सर्वांदेखत निष्काळजी म्हटलें. दुसऱ्या दिवशीं कारण कळलें: तेथें महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी ० व जुलै ६, तारीख मात्र १ पासूनच! मींच दिलेल्या टिपणांत ही गोष्ट शेवटच्या ओळींत होती. उदाहरण एकही नव्हतें.

तेव्हां दापोलीजवळील मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित आठवले. तेही शिक्षकच. रॉबर्ट स्यूएलसाहेबांसह त्यांनीं १८९६ सालीं ‘इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या मितीवरून इंग्रजी तारीख काढण्याचीं नुसतीं कोष्टकें त्यांत नाहींत. सोडविलेलीं उदाहरणेंही आहेत. शकांत ७८ मिळवावे, हें सर्वांस पाठ असतें. पण माघ-फाल्गुनांतील मितीस ७९ लागतात, हें उदाहरणावांचून कोणास उमगणार?

त्या मुलीची मीं वर्गांतच क्षमा मागितली. टिपण नव्यानें लिहिलें असून, तिच्या संमतीनें, आरंभींच तिची ती यादी घातली आहे.