एन्कोमिएन्दा म्हणजे जमीन नव्हे: स्पॅनिश दप्तरातील शब्द आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद (धागा)

१/
सोळाव्या शतकातील कास्टिलच्या हिशेबवहीत ‘क्वेन्तो’ हा शब्द वारंवार भेटतो. आजचा स्पॅनिश कोश उघडला, तर त्याचा अर्थ ‘गोष्ट, कथा’ असा मिळतो. वहीतला क्वेन्तो मात्र आकडा आहे: दहा लाख. ‘तीन क्वेन्तो’ म्हणजे तीस लाख मारावेदी. केवळ कोशावर विसंबणारा अनुवादक राजाच्या खजिन्याच्या तीन गोष्टी करून टाकील.

२/
ही चूक हसण्यावारी जाते, कारण ती तत्काळ उघडी पडते. स्पॅनिश साम्राज्याचे कायद्याचे व पैशाचे शब्द इंग्रजीत आणताना काही चुका मात्र अशा झाल्या, की वाक्य सुबक राहिले आणि अर्थ निसटला. त्यांपैकी काहींनी इतिहासाची पाने बिघडवली. काहींच्या मागोमाग माणसांच्या पायाखालची जमीन गेली. हा धागा अशा शब्दांविषयी.

३/
प्रथम पैसा. ३४ मारावेदींचा एक रेआल, ८ रेआलांचा एक पेसो. म्हणजे पेसोचे २७२ मारावेदी. ‘दुकादो’ ३७५ मारावेदींचा. सोन्याचा दुकादो पाडणे थांबल्यानंतरही हिशेबात तो दीर्घकाळ जिवंत होता. इंग्रजीत ‘डकॅट’ असे लिहिले, की वाचकाला सोन्याच्या नाण्यांची थैली दिसते. प्रत्यक्षात तेवढी रक्कम चांदीच्या रेआलांत किंवा तांब्याच्या चिल्लरीत चुकती झालेली असू शकते.

४/
व्याजाचा दर सांगण्याची रीत तर उलटीच. ‘वेइन्ते मिल एल मियार’, शब्दशः ‘वीस हजार, हजाराला’. घाईत वाचणाऱ्याला हे हजारी वीस, म्हणजे दोन टक्के वाटते. खरा अर्थ असा: वीस हजारांच्या मुद्दलावर वर्षाला एक हजार, म्हणजे पाच टक्के. ‘चौदा हजार’ म्हणजे सात टक्क्यांहून थोडे अधिक. आकडा जितका मोठा, तितका दर कमी. १६०८ मध्ये कास्टिलमधील दर चौदा हजारांवरून वीस हजारांवर गेला. तो दर चढला असे समजणाऱ्याचा सारा युक्तिवाद डोक्यावर उभा राहील.

५/
हा दर ज्या व्यवहाराचा, त्याचे नाव ‘सेन्सो’. त्याचा शिरगणतीशी संबंध नाही. चर्चला व्याजबट्टा निषिद्ध होता. म्हणून पैसे देणारा ‘कर्ज’ देत नसे, तो ऋणकोच्या मालमत्तेवरील वार्षिक उत्पन्न ‘विकत’ घेत असे. इंग्रजीत याला बहुधा ‘मॉर्गेज’ म्हणतात. पण ठरलेली रक्कम दरवर्षी मिळत असेपर्यंत धनको मुद्दल परत मागू शकत नसे. फेडीचा अधिकार ऋणकोकडे असे. ‘मॉर्गेज’ म्हटल्याबरोबर ऋणकोचे हे संरक्षण नाहीसे होते.

६/
राजाच्या ऋणाचे नाव ‘हूरो’. क्रियापद म्हणून वाचले तर ‘मी शपथ घेतो’. नाम म्हणून मात्र हक्क. मुळाशी लॅटिनमधील ‘हक्क’ हाच अर्थ आहे. एखाद्या नेमक्या कराच्या उत्पन्नातून दरवर्षी ठराविक रक्कम मिळवण्याचा हा हक्क. त्याला ‘सरकारी रोखे’ म्हटले तर फारसे चुकत नाही. पण कोणता हूरो कोणत्या कराला बांधलेला आहे आणि त्या रांगेत कितवा आहे, यावर धारकाचे नशीब ठरे. हे बारकावे ‘रोखे’ या शब्दात मावत नाहीत.

७/
दुसरा फिलिप १५५७, १५६०, १५७५ व १५९६ असा चार वेळा ‘दिवाळखोर’ झाला, असे इंग्रजी पुस्तके सांगतात. स्पॅनिश कागदांत ‘देक्रेतो’ हा शब्द येतो: सावकारांची देणी थांबवण्याचा हुकूम. त्यानंतर वाटाघाटी होत, तडजोड होई, अल्पमुदतीच्या देण्यांच्या मोठ्या भागाचे दीर्घ मुदतीच्या हूरोंत रूपांतर केले जाई, आणि राजाला पुन्हा कर्ज मिळे. दिवाळे निघालेल्या पेढीचे दार बंद होते. हे दार चार वेळा अर्धवट लोटले गेले आणि पुन्हा उघडले.

८/
आता सर्वांत परिचित शब्द: ‘एन्कोमिएन्दा’. मूळ क्रियापदाचा अर्थ ‘सोपवणे’. राजा एखाद्या स्पॅनिश माणसाकडे अमुक गावांचे मूलनिवासी ‘सोपवी’. त्यांच्याकडून खंडणी, आरंभीच्या काळात श्रमही, घेण्याचा अधिकार त्याला मिळे. बदल्यात त्यांचे रक्षण व धर्मशिक्षण ही त्याची जबाबदारी. या पत्राने जमिनीची मालकी मिळत नसे. तरीही इंग्रजीत ते ‘लँड ग्रँट’ किंवा ‘इस्टेट’ होऊन बसते.

९/
चूक क्षुल्लक नाही. जमीन दिली असे म्हटले, की माणसे पार्श्वभूमीला जातात. प्रत्यक्षात दिली गेली होती ती माणसेच. बार्तोलोमे दे लास कासास स्वतः एन्कोमिएन्दाधारक होते. १५१४ मध्ये त्यांनी ती सोडली. १५४२ च्या नव्या कायद्यांनी धारकाच्या मृत्यूनंतर एन्कोमिएन्दा राजाकडे परत जावी असे ठरवले, तेव्हा पेरूत बंड झाले आणि १५४६ मध्ये व्हाइसरॉय ब्लास्को नुन्येस वेला लढाईत मारले गेले. त्याआधीच, १५४५ मध्ये, पहिल्या कार्लोसने वारसाविषयीचे ते कलम मागे घेतले होते. हे बंड शेताच्या बांधासाठी नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या खंडणी घेण्याच्या हक्कासाठी होते.

१०/
मराठी वाचकाला हा भेद समजायला फारसे सायास पडू नयेत. सरंजाम म्हणजे जमिनीची मालकी नव्हे, महसुलाची नेमणूक, हे आपल्याकडील कागद वाचणाऱ्यास ठाऊक असते. म्हणून एन्कोमिएन्दा म्हणजे सरंजाम असे मात्र नाही. सरंजामामागे फौज बाळगण्याची अट होती, एन्कोमिएन्दामागे धर्मशिक्षणाची. तुलना दार दाखवते, आत शिरताना दोन्ही घरे वेगळी ठेवावी लागतात.

११/
‘रेपार्तिमिएन्तो’ म्हणजे ‘वाटप’. कशाचे? कधी मजुरांच्या पाळ्यांचे. आणि अठराव्या शतकातील पेरूत कोर्रेहिदोर हा अंमलदार खेचरे, कापड यांसारखा माल गावकऱ्यांच्या गळ्यात चढ्या भावाने मारी, त्याचेही नाव हेच. १७८० मध्ये दुसऱ्या तुपाक आमारूच्या उठावाचा आरंभ अशाच एका कोर्रेहिदोरला पकडून फाशी देण्याने झाला. इंग्रजीत ‘डिस्ट्रिब्यूशन’ वाचणाऱ्याला हा उठाव कशासाठी झाला, याचा उलगडा होणार नाही.

१२/
काही शब्द इंग्रजीला परके आहेत, पण मराठीला नात्यातले. विक्रीवरील कर ‘आल्काबाला’. त्याचे मूळ अरबी, ज्या धातूतून आपल्याकडे ‘कबूल’ आणि ‘कबुलायत’ आले. आयात-निर्यातीची जकात ‘आल्मोहारिफास्गो’. तिच्या पोटात ‘मुश्रीफ’ हा अधिकारी बसला आहे, जो आपल्याकडे आडनाव होऊन राहिला. ‘आदुआना’ म्हणजे जकातघर, मूळ ‘दिवाण’. ‘आल्ग्वासील’ हा मूळचा वजीर. स्पेनमध्ये तो पदावरून घसरत शिपायासारखा कामगार झाला.

१३/
‘आल्काल्दे’ याचा इंग्रजी अनुवाद हमखास ‘मेयर’ असा होतो. या शब्दाचे मूळ ‘काजी’. वसाहतीतील आल्काल्दे गावचा कारभार पाही आणि न्यायनिवाडाही करी. ‘मेयर’ने निकाल दिला असे वाचणाऱ्या इंग्रजी वाचकाला तो अधिकाराचा अतिक्रम वाटतो. काजीने निकाल दिला यात मराठी वाचकाला काहीच नवल वाटणार नाही.

१४/
आता न्यू मेक्सिको. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने हा प्रदेश अमेरिकेकडे गेला. तेथील गावांना स्पॅनिश व मेक्सिकन सरकारांनी दिलेल्या ‘मेर्सेद’ होत्या: प्रत्येक कुटुंबाला घर व शेतीचा तुकडा, आणि उरलेली कुरणे, रान, पाणी सर्वांचे. या सामाईक जमिनीस ‘एहिदो’ म्हणत. आपल्या भाषेत गायरान म्हटले, तर बराचसा अर्थ हाती लागतो. इंग्रजीत ‘ग्रँट’ एवढेच राहिले, आणि ग्रँट म्हटली की कायदा विचारतो: मालक कोण?

१५/
सान मिगेल देल वादो गावाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये उत्तर दिले: वाटप न झालेली सामाईक जमीन सार्वभौम सत्तेची, म्हणून आता अमेरिकेची. सुमारे ३ लाख १५ हजार एकरांच्या दाव्यातून गावाच्या हाती सुमारे ५ हजार एकर उरले. तिएर्रा आमारियाची मेर्सेद तर १८६० मध्ये खासगी मालमत्ता म्हणून एका कुटुंबाच्या नावे मान्य झाली, आणि पुढे विकली गेली. १९६७ मध्ये तेथील न्यायालयावर सशस्त्र हल्ला झाला, त्यामागे हीच शंभर वर्षांची जखम होती. दोष एकट्या अनुवादाचा नव्हे. पैसा आणि वकिलीही त्यात होती. पण ‘सर्वांचे’ या कल्पनेला नव्या भाषेत जागाच न मिळाल्याने त्यांचे काम सोपे झाले.

१६/
सर्वांत जड शब्द शेवटी. १७१३ च्या ‘आसिएन्तो’ने, म्हणजे राजाशी झालेल्या कराराने, ब्रिटनला स्पॅनिश अमेरिकेत गुलाम पुरवण्याचा मक्ता ३० वर्षांसाठी मिळाला, तो साउथ सी कंपनीकडे गेला. आकडा होता वर्षाला ४,८०० ‘पिएसा दे इंदियास’. याचा अनुवाद ‘४,८०० गुलाम’ असा सर्रास होतो.

१७/
पिएसा म्हणजे ‘नग’, आणि हा नग मोजमापाचे एकक होता. धडधाकट तरुण माणूस म्हणजे एक पिएसा. मूल, वृद्ध, आजारी माणूस म्हणजे तिचा अंश. तेव्हा ४,८०० पिएसांत प्रत्यक्ष माणसे त्याहून अधिक असू शकत. ‘गुलाम’ लिहिले तर संख्या चुकते. ‘नग’ लिहिले तर हिशेब बरोबर येतो आणि अनुवादक व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू लागतो. ‘माणसे’ लिहिले तर मान राखला जातो, पण एका मुलाला अर्धा माणूस म्हणून वहीत लिहिणारा तो थंड हात झाकला जातो.

१८/
मग करावे काय? एक जुना मार्ग आपल्याच इतिहासात आहे. भारतातील महसुली शब्दांना इंग्रजी पर्याय पुरेनात, तेव्हा होरेस हेमन विल्सन यांनी १८५५ मध्ये न्यायालयीन व महसुली संज्ञांचा मोठा कोश सिद्ध केला. वतन, मिरास, इनाम हे शब्द त्यात आपल्या नावानेच उभे राहिले आणि अर्थ शेजारी आला. राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी केलेल्या त्या कोशाने एक गोष्ट मान्य केली: काही शब्दांचे भाषांतर होत नाही, त्यांची ओळख करून द्यावी लागते.

१९/
चांगले अनुवादक आज हेच करतात. एन्कोमिएन्दा तशीच ठेवतात, पहिल्या उल्लेखाला दोन ओळींत तिचा व्यवहार सांगतात, रकमा मूळ चलनात देतात. आणि पिएसा आली, की तीही तशीच ठेवून शेजारी सांगतात की या एककात माणसे मोजली जात होती, आणि मुले अपूर्णांकात. त्या मुलांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. ती वहीत अपूर्णांक म्हणून आली आणि ‘४,८०० गुलाम’ या पूर्णांकात दुसऱ्यांदा हरवली. ते दुसरे हरवणे तरी अनुवादकाच्या हाती आहे, आणि त्याला खर्च येतो तो अवघ्या एका ओळीचा.