अम्मींच्या हाताचे बटण

घर बांधताना किंवा दुरुस्त करताना आपण फरशी, रंग आणि किचनच्या ओट्यावर महिना महिना चर्चा करतो. दिव्यांची बटणे मात्र वायरमनवर सोडून देतो. तो आपल्या सोयीने दाराजवळ बोर्ड बसवतो आणि पुढची वीस वर्षे आलेला प्रत्येक पाहुणा ‘पंख्याचं कुठलं?’ असे विचारत सगळी बटणे दाबून पाहतो. मिरजेतल्या आमच्या जुन्या घराची वायरिंग बदलायची ठरली, तेव्हा या बटणांचा विचार आम्ही पहिल्यांदाच नीट केला. तो करायला लावला अम्मींनी.

आमचा धाकटा भाऊ दुबईत हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या वायरिंगचे काम करतो. तिकडे भिंतीवर बोर्डाऐवजी कीपॅड बसवायची पद्धत आहे. चार, सहा किंवा आठ बटणांची ही छोटी पट्टी. आपल्या नेहमीच्या बटणातून दिव्याची वीज जाते, कीपॅडच्या बटणातून ती जात नाही. ते फक्त निरोप पाठवते. निरोप मेन बोर्डाजवळच्या कंट्रोलरला मिळतो आणि तो दिवे लावतो, मंद करतो किंवा मालवतो. त्यामुळे एकाच बटणाने पाच खोल्यांतले हवे तेवढेच दिवे, हव्या तेवढ्याच उजेडाने लावता येतात. याला ‘सीन’ म्हणतात. उद्या विचार बदलला तर भिंत फोडावी लागत नाही; लॅपटॉपवर बटणाचे काम बदलते. आम्हा शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर वर्ग तोच राहतो, वेळापत्रक बदलते.

भाऊ सुट्टीवर आला तो हा सगळा बेत घेऊनच. त्याच्या बेतात कीपॅड फक्त हॉलमध्ये होता. बाकीचे घर मोबाईलवर चालणार होते. अम्मींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मोबाईल तुमच्या उशाशी. रात्री मला दिवा हवा असेल तर?”

“अम्मी, तुम्ही नुसतं बोला, दिवा लागेल,” भाऊ म्हणाला.

“रात्री तीन वाजता मी भिंतीशी बोलायला लागले तर पोरं घाबरतील, बेटा.”

सगळे हसले. अम्मी हसल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे, एका डोळ्याने नीट दिसत नाही. तरी तहज्जुदला उठणे त्यांनी सोडलेले नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “दिव्यासाठी कुणाला उठवावं लागलं तर मी उठायचंच बंद करीन.”

त्यानंतर चर्चेचा रोखच बदलला. आयुष्यभर घराला उठवून कामाला लावणाऱ्या बाईने म्हातारपणी उजेडासाठी कुणाची मिन्नत का करावी? घर कितीही हुशार झाले, पण त्यातला एक माणूस लाचार झाला, तर त्या हुशारीचा उपयोग काय?

काही विकत घेण्याआधी आम्ही एक साधे काम केले. प्रत्येक दाराशी वहीचे पान चिकटवले आणि आठवडाभर ज्याने जो दिवा लावला त्याने तो वेळेसह लिहायचा, असे ठरवले. मुलांना खेळच मिळाला. अम्मींच्या नोंदी धाकटी नात लिहायची. भावाच्या यादीत बारा सीन होते. पाने वाचल्यावर पाचच उरले: पहाट, अभ्यास, पाहुणे, झोप आणि रात्र.

‘पहाट’ने किचन आणि पॅसेज उजळतात. रमजानमध्ये तेच बटण सहरीचे होते, तेव्हा दस्तरख्वानाच्या खोलीचा दिवाही त्यात जोडतो. हे काम घड्याळावरही लावता आले असते. पण फजरची वेळ रोज थोडी सरकते, रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येतो आणि रोजे नसताना सुट्टीच्या दिवशी कुणालाच इतक्या लवकर उजेड नको असतो. म्हणून घड्याळापेक्षा माणसाचे बोट बरे. ‘झोप’ने घरभरचे दिवे एकदम मालवतात. झोपण्यापूर्वी दिवे विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आली आहे, तेव्हा भीती होती ती उंदराने दिव्याची वात ओढून घराला आग लावण्याची. आज वात नाही, पण कोण उठून सगळ्या खोल्या पाहून येणार, यावरची रोजची कुरबुर तरी मिटली.

‘रात्र’ हे अम्मींचे बटण. त्यांच्या पलंगापासून वुजूच्या जागेपर्यंतचे दिवे २० टक्के उजेडाने लागतात. मुलांच्या खोल्यांना धक्का नाही. तेच बटण दाबून धरले तर सगळे घर पूर्ण उजेडाने जागे होते, पडण्या-झडण्याच्या वेळेसाठी. नावे कोणत्या लिपीत लिहायची यावर वाद झाला. अम्मी उर्दू वाचतात, मुले मराठी आणि इंग्रजी. पण अंधारात कुठलीच लिपी दिसत नाही. शेवटी आमच्या वहिनींनी जरीकामातला एक छोटा खडा सगळ्यात खालच्या बटणावर चिकटवला. अम्मींचे बोट तो बरोबर शोधते.

असे काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. इंटरनेट बंद असले तरी कीपॅड चालला पाहिजे, हे बसवणाऱ्याकडून करून दाखवून घ्या. कंट्रोलर इन्व्हर्टरवर ठेवा. वीज जाऊन आली की दिवे बंदच राहावेत, अशी सेटिंग करून घ्या. नाहीतर मध्यरात्री सगळे घर लख्ख होते. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर डिमरवर चालणारेच एलईडी घ्या, साधे लुकलुकतात. भिंती उघड्या असतील तर वायरची पद्धत बरी. युरोपात सुरू झालेल्या केएनएक्स पद्धतीत बटणांकडे जाणारी तार साधारण ३० व्होल्टचीच असते. भिंत फोडायची नसेल तर झिग्बीसारखे बिनतारी कीपॅड मिळतात. त्यातले बरेचसे सेलवर चालतात, तो बदलायचे लक्षात ठेवावे लागते. आणि काहीही बसवा, जिन्यात आणि वडीलधाऱ्यांच्या खोलीत एक साधे बटण, एक साधा दिवा थेट विजेवर राहू द्या. यंत्र आहे, कधीतरी अडणारच.

भाऊ परत जाताना प्रोग्रामची प्रत पेनड्राइव्हवर आणि वायरिंगचा नकाशा कागदावर ठेवून गेला. दोन्ही कपाटात घराच्या कागदपत्रांबरोबर आहेत, कारण उद्या दुसऱ्या माणसाला काम करावे लागले तर त्याला सुरुवातीपासून सुरू करावे लागू नये.

अम्मी आता रात्री कधी उठतात, आम्हाला कळत नाही. सकाळी वुजूच्या जागेची फरशी ओली दिसते, तेव्हा कळते. अल्हम्दुलिल्लाह. तुमच्या घरी वायरमन येईल तेव्हा बोर्डाची जागा आणि उंची ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला भिंतीशी उभे करा. त्यांचा हात कुठे पोचतो, तिथे पेन्सिलने खूण करा.